खोली देणारा माणूस

हॅरी एडमंड्स हे नाव आपल्याकडं कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. तो पुढारी नव्हता. प्राध्यापक नव्हता. त्यानं तुरुंग भोगला नाही की क्रांतीची घोषणा दिली नाही. न्यूयॉर्क शहरात वायएमसीए ह्या ख्रिस्ती संस्थेतर्फे विद्यार्थ्यांत काम करणारा एक साधा कार्यकर्ता. जन्म १८८३ चा, गेला १९७९ ला. परमुलखातून शिकायला आलेल्या पोरापोरींची राहायची सोय लावायची, त्यांना चार माणसांच्या पंगतीत बसवायचं, अडीनडीला त्यांच्या बाजूनं उभं राहायचं, ह्या कामात त्यानं उमेदीचं सगळं आयुष्य घातलं.

एखादा म्हणेल, आपल्या वस्तीतले प्रश्न काय संपले का, की तू अमेरिकेतल्या गोऱ्या माणसाचं चरित्र लिहायला बसलास? नाही संपले. त्या प्रश्नांतला एक जुना प्रश्न खोलीचा आहे, म्हणूनच लिहितो. आमच्याकडं बाबासाहेबांच्या पदव्या मोजणारे उदंड झाले. एम.ए. कधी, पीएच.डी. कधी, डी.एस्सी. कधी, सगळं तोंडपाठ. पण त्या पदव्या मिळवणारा बावीस वर्षांचा पोरगा रात्री कुठं झोपत होता, कुणाबरोबर जेवत होता, कुणी त्याला दार उघडलं आणि कुणी लावून घेतलं, हे किती जण विचारतात? शिक्षणाचा इतिहास वर्गात घडतो हे अर्धंच खरं आहे. उरलेला अर्धा खोलीत घडतो.

एडमंड्सची गोष्ट सांगतात ती १९०९ सालापासून. कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दगडी पायऱ्या आहेत, रुंदच्या रुंद. एका सकाळी तो त्या चढत होता आणि एक चिनी विद्यार्थी उतरत होता. जाता जाता ह्यानं सहज ‘राम राम’ म्हणावं तसं ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं. तो पोरगा थांबला. म्हणाला, तुम्ही माझ्याशी बोललात, तुमचे आभार. मला इथं येऊन तीन आठवडे झाले, आपणहून माझ्याशी बोललेले तुम्ही पहिलेच.

एडमंड्स पुढं गेला. चार पावलं चालला आणि त्याला कसंतरीच झालं. तो मागं फिरला. मला ह्या गोष्टीत हे मागं फिरणं महत्त्वाचं वाटतं. नमस्कार काय, कुणीही करतं. आपल्याकडंही निवडणुकीत करतात.

त्या काळची अमेरिका डोळ्यांपुढं आणली पाहिजे. चिनी मजुरानं त्या देशात पाय ठेवू नये असा कायदा १८८२ ला झाला होता आणि तो १९४३ पर्यंत टिकला. विद्यार्थ्याला त्यातून सूट होती. म्हणजे बाप मजूर असेल तर बंदरावरूनच परत, पोरगा वह्यापुस्तकं घेऊन आला तर आत. आत आल्यावर मात्र त्याच्याशी बोलायचं कुणी? कायद्यानं दार किलकिलं केलं म्हणून शेजारी थोडाच बोलतो. आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको.

एडमंड्सनं घरी जाऊन बायकोला हे सांगितलं. तिचं नाव फ्लॉरेन्स. आपल्याला काहीतरी करता येईल की नाही, हा विचार त्या घरात तिनं पुढं केला आणि दोघांनी परदेशी पोरांना घरी बोलवायला सुरुवात केली. रविवारी संध्याकाळी जेवण. माणसं वाढत गेली, घर पुरेना, मग विद्यापीठाच्या आवारात आणि बाहेर जागा शोधल्या, क्लब काढला. पण रविवारचं जेवण सुटलं नाही. अशा कामाचा इतिहास लिहिताना पुरुषाचं नाव पाटीवर येतं आणि स्वयंपाकघर कोपऱ्यात राहतं. साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या सगळ्या जातींच्या पोरांसाठी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा गेलं, हे आपल्याकडं निदान बोललं तरी जातं. फ्लॉरेन्सचं नाव तेवढंही कुणी काढत नाही.

आणि त्या चिनी पोराचं? ही गोष्ट शंभर वर्षं सांगितली जाते आहे. तीत एडमंड्सला नाव आहे, विद्यापीठाला नाव आहे, पायऱ्यांनासुद्धा पत्ता आहे. एकट्या त्या पोराला नाव नाही. ज्याच्या एकटेपणावर पुढं एवढी मोठी इमारत उभी राहिली, तो नुसता ‘एक चिनी विद्यार्थी’. अशा बिननावी माणसांची आपल्याला सवय आहे. ‘एक महार’, ‘एक मांगीण’ असं म्हणून बखरीत, गॅझेटियरात आपली माणसं येतात आणि ओळ संपायच्या आत निघून जातात.

आज अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळं ऑफिस असतं, सल्लागार असतो. एडमंड्सच्या उमेदीत ही नोकरीच नव्हती. ह्या सल्लागारांची देशव्यापी संघटना निघाली १९४८ ला. त्याच्या आधी हे काम म्हणजे कुणा प्राध्यापकाच्या बायकोचा चांगुलपणा, नाहीतर चर्चचं पुण्यकर्म. एडमंड्सनं त्याला रोजच्या कामाचं रूप दिलं. आजारी पडलास तर कोण? पैशाची मनीऑर्डर उशिरा आली तर कोण? घरमालकानं कातडी बघून दार लावलं तर कोण? ह्या प्रश्नांना उत्तर म्हणून एक माणूस रोज ठरल्या जागी बसलेला असला पाहिजे, एवढी साधी त्याची समज. साधी, पण सुचायला माणूस लागतो.

आता बाबासाहेबांकडं येतो. एडमंड्स ज्या पायऱ्यांवर मागं फिरला, त्याच पायऱ्या चार वर्षांनी बाबासाहेबांच्या पायाखाली आल्या. जुलै १९१३. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती, महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. सुरुवातीला ते हार्टली हॉल ह्या विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिले. तिथलं खाणं मानवेना. मग ११४ व्या रस्त्यावर ५५४ नंबरच्या घरात गेले, कॉस्मोपॉलिटन क्लब नावाच्या बिऱ्हाडात. तिथं हिंदुस्थानी विद्यार्थी मिळून राहत. तिथून लिव्हिंगस्टन हॉलमध्ये, नवल भथेना ह्या पारशी दोस्ताबरोबर. ती दोस्ती आयुष्यभर टिकली. पुढं पैशाच्या अडचणीत हाच भथेना उपयोगी पडला.

कॉस्मोपॉलिटन क्लब हे नाव तेव्हा अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत होतं. विस्कॉन्सिनला १९०३ मध्ये, कॉर्नेलला १९०४ मध्ये असे क्लब निघाले. एडमंड्सनं न्यूयॉर्कात काढलेल्या क्लबाचं नावही त्यातलंच. तेव्हा कुणी उठून बाबासाहेब आणि एडमंड्स गळ्यात गळा घालून हिंडले असं लिहू नये. आपल्याकडं अशी चित्रं काढायची हौस फार आहे. मला एवढंच म्हणायचं आहे की त्या वर्षांत त्या रस्त्यांवर परदेशी पोरांच्या राहण्याजेवण्याचा प्रश्न काही माणसांनी स्वतःचा करून घेतला होता आणि त्या हवेत बाबासाहेब तीन वर्षं राहिले. तीन वर्षांत तीन खोल्या बदलल्या, त्या आपल्या मर्जीनं. जात काढून कुणी सामान बाहेर टाकलं म्हणून नव्हे.

ह्याच्या शेजारी बडोदं ठेवून बघा. १९१७ साल. कोलंबियाचा एम.ए., लंडनहून अर्थशास्त्र शिकून आलेला, संस्थानात अधिकारी म्हणून नेमलेला माणूस बडोद्याच्या स्टेशनावर उतरतो आणि त्याला पडलेला पहिला प्रश्न, राहायचं कुठं? त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव पार पुसून गेली होती, ती त्या स्टेशनावर परत आली. हिंदू हॉटेलात जागा नाही. पारशी धर्मशाळेत पारशाशिवाय कुणाला घेत नाहीत, म्हणून वहीत पारशी नाव घातलं. दिवसाला दीड रुपया. वरच्या मजल्यावर एकटे, मोडकं सामान, वटवाघळं आणि मिणमिणता कंदील. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्यानं वर आले. संध्याकाळपर्यंत खोली खाली कर. एक हिंदू मित्र होता, तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर जातील. एक ख्रिस्ती मित्र होता, मूळचा ब्राह्मण. तो म्हणाला, बायको गावाहून येते आहे, तिला विचारावं लागेल. बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला निघून आले.

पदवी तीच. डोकं तेच. न्यूयॉर्कात भथेना पारशी आणि बडोद्यात काठ्या घेतलेलेही पारशी. म्हणजे सगळं खापर कुठल्या एका समाजावर फोडून सुटका नाही. न्यूयॉर्कात खोली देणं हे कुणीतरी आपलं काम मानलं होतं. बडोद्यात ते कुणाचंच काम नव्हतं, खुद्द महाराजांच्या दरबाराचंही नव्हतं. शिष्यवृत्तीचे पौंड मोजून दिले, नोकरीचा हुकूम दिला, खोली द्यायची राहिली.

मला हे पुस्तकात वाचून कळलं असं नाही. १९७८ साली मराठवाड्यातल्या एका शहरात मी कॉलेजला होतो. वसतिगृह भरलं, म्हणून एका गल्लीत भाड्यानं राहत होतो. आडनाव असं की गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नाही. जुलैच्या शेवटी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि खेड्यापाड्यांतून आपल्या वस्त्या पेटल्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरमालक खोलीत आला. भिंतीवर फोटो होता, त्याच्याकडं बघितलं. रागावला नाही, ओरडला नाही. म्हणाला, “बाबा रे, तुझं तू बघ आता. मला लेकरंबाळं हायेत.” ट्रंक मीच उचलली. विद्यापीठाला ते नाव मिळायला १९९४ ची १४ जानेवारी उजाडली. मला दुसरी खोली त्याच्या बरीच आधी मिळाली, पण त्या वर्षीची परीक्षा गेली ती गेलीच.

असो. एडमंड्सकडं परत.

क्लब चालवता चालवता त्याच्या लक्षात आलं, की रविवारच्या जेवणानं माणूस एक संध्याकाळ माणसात येतो, सोमवारी परत त्याच घरमालकाच्या दारात उभा राहतो. मोठं घर पाहिजे. शेकडो माणसं कायमची राहतील असं. आपल्याकडं पुढं सहभोजनांची लाट आली. एक दिवस पत्रावळी मांडायच्या, फोटो काढायचे आणि संध्याकाळी जो तो आपापल्या आळीत. सहभोजनानं जात मरत नाही हे बाबासाहेबांनी १९३६ ला स्पष्टच लिहिलं. एडमंड्सनं तेवढ्या खोलात जाऊन मांडलं नसेल, पण जेवणाकडून घराकडं तो गेला, हे त्याचं मोठेपण मी मानतो.

घराला पैसा लागतो. तो आला जॉन डी. रॉकफेलर धाकटा ह्याच्याकडून. इथं थोडं थांबलं पाहिजे. १९१४ च्या एप्रिलात कोलोरॅडोतल्या लडलो इथं संपावरच्या खाणकामगारांच्या तंबूंवर गोळीबार झाला, तंबू जाळले, बायकापोरं खड्ड्यात गुदमरून मेली. ती खाणकंपनी ह्याच रॉकफेलरांच्या ताब्यातली. त्याच तिजोरीतून पुढं ‘बंधुभाव नांदावा’ म्हणून इमारत उभी राहिली. ज्यांच्या घामाचा पैसा, त्यांची लेकरं त्या इमारतीत राहायला आली नाहीत. धनवंताच्या दानाचा हिशोब हा असा असतो, तो सोडून देता येत नाही. पण एडमंड्सनं तो पैसा घेतला नसता तर तो कुठं गेला असता, हेही मला सांगता येणार नाही. दीक्षाभूमीवर जाणाऱ्या एसटीत बसताना बसचे पैसे कुठून आले हे आपण कुठं विचारतो.

१९२४ ला रिव्हरसाइड ड्राइव्हवर, हडसन नदीच्या काठाशी, इंटरनॅशनल हाउस उघडलं. त्या तऱ्हेचं पहिलंच. खोल्या लहान, बसायची दालनं मोठी, जेवायचं एकत्र. दारावर बंधुभावाचं वाक्य कोरलेलं. नुसते परदेशीच नव्हे, अमेरिकन विद्यार्थीही तिथं राहायचे.

त्याच १९२४ च्या एप्रिलात, त्याच कोलंबियाच्या आवारात, फर्नल्ड हॉल ह्या वसतिगृहासमोर क्रूस जाळला गेला. कू क्लक्स क्लानची ही खूण. कारण काय, तर फ्रेडरिक वेल्स हा काळा विद्यार्थी कायदा शिकत होता आणि त्या हॉलमध्ये राहत होता. त्याला घालवा, अशी गोऱ्या पोरांची मागणी. वेल्स हलला नाही. तीन वर्षं आधी, १९२१ ला, लँग्स्टन ह्यूज कोलंबियात आला, जो पुढं मोठा कवी झाला. त्यानं मेक्सिकोतून टपालानं खोली राखून ठेवली होती. कागदावर मेक्सिकोचा पत्ता बघून खोली दिली गेली. दारात काळा पोरगा उभा राहिला तेव्हा ऑफिसातल्यांची तोंडं उतरली, टाळाटाळ झाली. पण राखीव खोली नाकारता येईना. ती खोली कुठल्या वसतिगृहात? हार्टली हॉल. आठ वर्षांपूर्वी बाबासाहेब उतरले होते तोच.

हे मी दोनतीनदा तपासून घेतलं, कारण ह्यात आपल्या कामाची गोष्ट आहे. परदेशाहून आलेला सावळा माणूस ‘पाहुणा’ असतो. त्याला खोली देताना गोऱ्याला आपलं मन मोठं आहे असं वाटतं. आपल्याच देशातला, आपल्याच शेतात राबलेला काळा माणूस मात्र पाहुणा होत नाही, तो हक्क मागणारा होतो. आपल्याकडं उलटून बघा. अमेरिकेतला निग्रो प्राध्यापक पुण्या-मुंबईच्या सवर्ण घरात आला तर त्याला दिवाणखान्यात बसवतील, शिरा करतील, वर्णद्वेषावर तासभर हळहळतील. त्याच घरात मागल्या दारानं येणाऱ्या मावशीचा कप वेगळा.

म्हणून एडमंड्सचं बर्कलीचं काम मला न्यूयॉर्कपेक्षा जास्त धाडसाचं वाटतं. न्यूयॉर्कनंतर कॅलिफोर्नियात, बर्कली विद्यापीठाजवळ असंच घर बांधायचं ठरलं. पैसा पुन्हा रॉकफेलरचा. आशियातून आलेल्या पोरांना त्या गावात खोली मिळायची मारामार. काळ्यांची तीच गत. घरांच्या खरेदीखतांतच कलम असायचं की हे घर अमक्या वंशाच्या माणसाला विकू नये, भाड्यानं देऊ नये. अशी कलमं कोर्टातून बजावता येणार नाहीत असा निकाल तिथल्या सुप्रीम कोर्टानं दिला तो १९४८ ला.

जागा कुठली घ्यावी? गावाबाहेर, कडेला, कुणाच्या डोळ्यावर येणार नाही अशी स्वस्त जागा मिळाली असती. आपल्या समाजमंदिरांना मिळते तशी. एडमंड्सनं पिडमॉन्ट अव्हेन्यू निवडला. ह्या रस्त्यावर गोऱ्या विद्यार्थ्यांच्या मंडळांचे बंगले. त्या मंडळांना म्हणतात फ्रॅटर्निटी. शब्दाचा अर्थ बंधुता. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेतला तोच शब्द. तर त्या बंधुतेच्या बंगल्यांत काळ्याला मज्जाव, पिवळ्याला मज्जाव. एडमंड्सनं जाणूनबुजून त्याच आळीत घर बांधायचं ठरवलं. गावाच्या भर पाटीलवाड्यात आपली तालीम काढावी तसं.

गाव खवळलं. आठशेच्या वर माणसं विरोधासाठी सभेला जमली. काळे आणि आशियाई लोक गावभर पसरतील, घरांचे भाव पडतील, आणि त्यात पुन्हा बाया-पुरुष एकाच छपराखाली राहणार, म्हणजे तर बुडालंच सगळं. त्या सभेत योजनेच्या बाजूनं एक काळी बाई उभी राहिली. डेलायला बीझली. ओकलंड ट्रिब्यून ह्या वर्तमानपत्रात ती काळ्या समाजाच्या घडामोडींचं सदर चालवायची. कॅलिफोर्नियातल्या काळ्या माणसांचा इतिहास तिनं हिंडून हिंडून गोळा केला होता आणि १९१९ ला पुस्तक काढलं होतं. चिडलेल्या त्या गर्दीपुढं ती बोलली. एडमंड्सच्या पाठीशी रॉकफेलर होता. बीझलीच्या पाठीशी कोण होतं? माझ्या हातात असतं तर त्या घराच्या दारावर पहिलं नाव मी तिचं लिहिलं असतं.

घर झालं. १९३० च्या ऑगस्टमध्ये उघडलं. शिकागोला १९३२ मध्ये, पॅरिसला १९३६ मध्ये अशीच घरं उभी राहिली. घर झालं म्हणून देश सुधारला असं नाही. १९४२ ला जपानी वंशाच्या माणसांना घरादारातून उचलून छावण्यांत टाकलं, त्यात बर्कलीची शिकती पोरंही होती. घराच्या भिंतींनी ते थांबलं नाही.

आता एडमंड्सची मर्यादा. ती सांगितली नाही तर ही आरती होईल. त्याला रंग दिसत होता, जात दिसत नव्हती. दिसणार कशी? त्याच्या टेबलाशी ‘हिंदुस्थानी विद्यार्थी’ म्हणून जो बसायचा तो बहुतेक वरच्या थरातलाच. समुद्र ओलांडायला पैसा लागतो, आणि पैसा कुणाकडं होता? ते टेबल बघून गोऱ्याला वाटणार की हे सगळे एकच, बिचारे, आपल्या वर्णद्वेषाचे बळी. आणि त्या बिचाऱ्यांच्या मनात काय होतं त्याचा एक कागद उपलब्ध आहे. भगतसिंग थिंड ह्या अमेरिकी सैन्यात राहिलेल्या माणसाचा नागरिकत्वाचा खटला १९२३ ला तिथल्या सुप्रीम कोर्टात गेला. त्याच्या बाजूनं युक्तिवाद काय झाला? की हा उच्च जातीचा हिंदू आहे, आर्य आहे, म्हणून गोरा धरावा. थिंड धर्मानं शीख, तरी कोर्टात कामाला आणली ती उच्च जातच. कोर्टानं ते मानलं नाही, आणि ज्या हिंदी लोकांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचंही काढून घेतलं. वर्णद्वेष सोसताना दुसऱ्या खिशातून जात काढून दाखवायची, ही आपल्या लोकांची कला शंभर वर्षं जुनी आहे.

ती कला अजून मेलेली नाही. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेली. आमच्या घरात विमानात बसलेली ती पहिली. चार हिंदुस्थानी मुलींनी मिळून घर घेतलं होतं. आधी आडनावावरून चौकशी, मग गाव, मग ‘तुमच्यात लग्नाला काय करतात’. एक दिवस तिच्या कपाटात बाबासाहेबांचा फोटो दिसला. त्यानंतर तिची भांडी वेगळ्या फळीवर गेली आणि महिनाअखेरीस तिला सांगितलं की आमची एक मैत्रीण येणार आहे, तू दुसरं बघ. फोनवर रडत नव्हती. म्हणाली, “मामा, इथं गोरे कुणी आडनाव विचारत नाहीत. आपलेच विचारतात.” मला १९७८ ची ट्रंक आठवली, पण तिला सांगितली नाही.

ती विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात गेली. तिथं एक वयस्कर बाई सल्लागार. ह्या लोकांचं काम आता एडमंड्सच्या वेळेसारखं राहिलेलं नाही. २००१ च्या हल्ल्यानंतर कायदे आवळले, २००३ पासून परदेशी विद्यार्थ्याची नोंद सरकारी संगणकावर ठेवावी लागते. पोरगं किती विषय घेतंय, पत्ता कुठला, कॉलेज सोडलं का, हे सल्लागारानंच कळवायचं. म्हणजे आईनंच फौजदाराची वही लिहायची. २०२५ च्या वसंतात तर हजारो पोरांच्या नोंदी सरकारनं एका फटक्यात बंद केल्या आणि कोर्टकचेऱ्या झाल्यावर परत चालू केल्या. तेवढे दिवस त्या टेबलांवरच्या माणसांनी कसे काढले असतील, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

त्या बाईला जात हा शब्द पुस्तकातून माहीत होता, ह्या भानगडीत करायचं काय हे ठाऊक नव्हतं. तिनं दोन गोष्टी केल्या. आधी फोन फिरवून त्याच संध्याकाळी वसतिगृहात तात्पुरती खोली मिळवली. मग भाचीला म्हणाली, बस, आता मला सगळं सुरुवातीपासून सांग, मी लिहून घेते. दोन तास लिहून घेतलं. क्रम बघा. आधी खोली, मग चौकशी. आपल्याकडं समाजकल्याणच्या ऑफिसात आधी दाखला मागतात.

मधल्या काळात तिथंही काही बदललं आहे. ब्रँडाइस विद्यापीठानं २०१९ ला भेदभावाच्या नियमांत जातीचा उल्लेख घातला. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठानं २०२२ ला. सिएटल शहरानं २०२३ ला तसा कायदाच केला. हे वरून पडलेलं नाही, आपल्याच पोरापोरींनी सभांतून उभं राहून, नावं जाहीर करून, शिव्या खाऊन मिळवलेलं आहे. त्या सभांतून विरोधाला कोण उभं राहत होतं हे सांगायला नको. बर्कलीच्या त्या आठशे माणसांत आपली कुणी नव्हती, एवढाच फरक.

एडमंड्स म्हातारपणी बराच जगला. बर्कलीच्या लोकांनी त्याच्याकडून सगळ्या आठवणी बोलून घेतल्या, त्या कागदावर आहेत. १९७९ ला तो गेला तेव्हा शहाण्णव वर्षांचा होता. त्या वर्षी आम्ही नामांतराच्या लाँग मार्चमध्ये पाय सुजवून चालत होतो, आमच्या कानावर त्याचं नाव येण्याचा प्रश्नच नव्हता. भाचीनं परवा फोनवर सांगितलं, की सप्टेंबरात नवी पोरं आली, त्यात नांदेडकडची एक आहे, तिला अजून खोली नाही, ती सध्या माझ्याच खोलीत खाली गादी टाकून झोपते. ऑफिसातल्या बाईला कळवलंय.